कीसर्व्हरची निवड : सात किल्ल्या, तीन ठिकाणं (कामाच्या नोंदी)

काम काय होतं: सात सार्वजनिक किल्ल्या, म्हणजे आपल्याला गुप्त मेल पाठवता यावा आणि आपली सही ताडता यावी म्हणून इतरांना द्यायच्या फाइली. सहा जणांच्या मेलच्या, आणि सातवी मराठी शब्दसूचीच्या पॅकेजांवर सही करण्याची. त्या अशा ठिकाणी (कीसर्व्हर म्हणजे किल्ल्या ठेवणारा सर्व्हर) ठेवायच्या होत्या, की अनोळखी माणसाला मेल-पत्त्यावरून बरोबर तीच किल्ली मिळावी, आणि उद्या एखादी रद्द करावी लागली तर ती खबरही त्याच्यापर्यंत पोचावी. दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे हे निम्मं काम झाल्यावर लक्षात आलं, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांतल्या काही गोष्टी पुन्हा कराव्या लागल्या.

कमांड, फाइली आणि सर्व्हरची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग जीएनयूपीजीच्या (किल्ल्या बनवणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम, कमांड ‘जीपीजी’) मॅन पानावरून, म्हणजे मदतीच्या पानावरून घ्यावं.

६ जानेवारी २०२४, शनिवार

सातपैकी चार मशिनांवर ‘रिसीव्ह-कीज’ (सर्व्हरवरून किल्ली उतरवण्याची कमांड) चालत नव्हतं. चारही ठिकाणी एकच कारण: सेटिंगमध्ये एसकेएस पूलचं, म्हणजे एसकेएस हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कीसर्व्हरांच्या गटाचं, जुनं नाव. हा पूल जून २०२१ मध्ये बंद झाला. युरोपच्या जीडीपीआर कायद्याखाली किल्ल्या काढून टाकण्याच्या मागण्या येऊ लागल्या, आणि एसकेएसच्या रचनेत एकदा आलेली किल्ली काढायची सोयच नाही. नाव गेलं, पण जुन्या मार्गदर्शिकांतून ते अजून कॉपी होतं. आमच्या २०१८ च्या ‘आधी हे वाचा’ फाइलमध्येही तेच होतं. ती ओळ आज काढली.

इथे दीड तास गेला. सर्व्हरचं नाव दोन जागी लिहिलेलं असू शकतं: जीपीजीच्या कॉन्फ फाइलमध्ये आणि डिरमॅनेजरच्या कॉन्फ फाइलमध्ये. डिरमॅनेजर म्हणजे डी-आय-आर-एम-एन-जी-आर अशा अक्षरांचा, नेटवर्कचं काम बघणारा पार्श्वभूमीतला प्रोग्रॅम. आम्ही नवं नाव डिरमॅनेजरच्या फाइलमध्ये टाकलं, पण जीपीजीच्या फाइलमधली जुनी ओळ तशीच राहिली, आणि तिथलं नावच वरचढ ठरतं. ती ओळ काढल्यावरही फरक पडेना, कारण प्रोग्रॅम जुनीच सेटिंग धरून चालू होता. ‘जीपीजीकॉन्फ --किल डिरमॅनेजर’ दिल्यावर सुरळीत झालं. सेटिंग बदललं की दर वेळी हे करायचं.

७ जानेवारी, रविवार

निवडीला चार नावं घेतली: कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग, कीसर्व्हर डॉट उबुंटू डॉट कॉम, कीज डॉट मेलव्हेलोप डॉट कॉम, आणि सगळ्या जुन्या लेखांत सापडणारा पीजीपी डॉट एमआयटी डॉट ईडीयू. शेवटचं लगेच सोडलं. पत्त्याची खातरजमा करणारा तो नाही, आणि ज्या कुळातला तो आहे (कुळांबद्दल १३ तारखेच्या नोंदीत) त्यातलं उबुंटूचं नाव यादीत होतंच.

तीन जोडण्यांवरून तपासलं: घरचं ब्रॉडबँड, मोबाइलचा हॉटस्पॉट, एका कार्यालयाचं नेट. कार्यालयात काहीच पोचेना. किल्ल्या मागवण्याच्या एचकेपी या जुन्या पद्धतीचं पोर्ट ११३७१ आहे, आणि तिथल्या फायरवॉलमध्ये ते बंद होतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचकेपीएस लिहिलं की सगळं ४४३ वरून जातं, म्हणजे नेहमीच्या सुरक्षित वेबच्या वाटेने. त्यामुळे आता सगळीकडे एचकेपीएसच लिहितो. कोणती किल्ली शोधतो आहोत हे वाटेत कोणाला दिसत नाही, हा दुसरा फायदा.

हॉटस्पॉटवर वेगळाच त्रास. पहिली विनंती मिनिटभर अडकायची, मग ‘कीसर्व्हर उपलब्ध नाही’. फोनकडून आयपीव्ही६ पत्ता मिळत होता, पण त्यावरून बाहेर जाता येत नव्हतं. डिरमॅनेजरच्या फाइलमध्ये ‘डिसेबल-आयपीव्ही६’ ही ओळ टाकल्यावर मोकळं झालं. एकदा जोडणी फसली की डिरमॅनेजर तो सर्व्हर काही काळ मेलेला धरतो, म्हणून नेट सुधारल्यावरही तीच चूक दिसत राहते. ‘कीसर्व्हर --होस्टटेबल’ विचारलं की ही यादी दिसते. सर्व्हरला दोष देण्याआधी ती बघावी.

आजची मोठी चूक: चाचणीसाठी नवी किल्ली बनवली, तिच्यात खरा मेल-पत्ता घातला, मुदत घातली नाही, आणि ती उबुंटूच्या सर्व्हरवर पाठवली. तिथे कोणीही काहीही चढवू शकतो, पत्त्याची खातरजमा होत नाही, आणि चढवलेलं इतर सर्व्हरांकडे पसरतं. आता त्या पत्त्याने शोधलं की दोन किल्ल्या दिसतात. परत घेता येत नाही. एवढंच करता आलं: चाचणीची किल्ली रद्द केली आणि रद्द झालेली पुन्हा पाठवली. ‘रद्द’ अशा खुणेसह ती तिथे कायम राहील. चाचणी करायचीच तर कोणाचाही नसलेला पत्ता आणि दोन दिवसांची मुदत.

१३ जानेवारी, शनिवार

दोन कुळं नीट वेगळी करून ठेवतो, कारण निवड यावरच ठरली.

पहिलं कुळ एकमेकांशी जुळवून घेणाऱ्या सर्व्हरांचं. पूर्वी तिथे ओकॅमलमध्ये लिहिलेला एसकेएस चालायचा. उबुंटूच्या सर्व्हरवर गो भाषेतला हॉकीपक आहे. एका ठिकाणी टाकलं की सगळीकडे पोचतं, कोणा एकाला गाळता येत नाही. ही त्याची ताकद आहे, आणि २०१९ च्या जूनअखेर तीच अंगाशी आली. किल्लीवर इतरांनी ‘ही खरी’ म्हणून सह्या करायची सोय असते. रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या ओपनपीजीपी समुदायातल्या दोघांच्या किल्ल्यांवर कोणीतरी बनावट सह्यांचा पूर ओतला, एकीवर तर दीड लाखाच्या घरात सह्या. अशी किल्ली उतरवून घेतली की जीएनयूपीजी गुदमरायचं. पुढच्याच महिन्यात आलेल्या २.२.१७ आवृत्तीपासून कीसर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या मुळातच गाळल्या जातात. म्हणजे ‘आमच्या किल्लीवर अमक्याची सही आहे’ हे सर्व्हरमार्फत दाखवण्याचा जुना उपाय आता धरूच नये.

दुसरं कुळ खातरजमा करणाऱ्यांचं: रस्टमध्ये लिहिलेला हॅग्रिड, जो कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्गवर जून २०१९ पासून चालतो, आणि मेलव्हेलोपचा. पत्त्यावर मेल येतो, त्यातली लिंक उघडली तरच तो पत्ता जाहीर होतो. हॅग्रिडवर नावाने शोधता येत नाही. पूर्ण पत्ता, पूर्ण फिंगरप्रिंट (किल्लीची ४० अक्षरी ओळख) किंवा त्याच्या शेवटचा १६ अक्षरी आयडी लागतो. ८ अक्षरी आयडी तिथे चालतच नाही, आणि ते योग्यच आहे. तसे आयडी जुळवून बनवलेल्या खोट्या किल्ल्या २०१६ मध्ये जुन्या सर्व्हरांवर आल्या होत्या, त्यांत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाचीही होती. आमच्या पानावर तीन जागी ८ अक्षरी आयडी छापलेले होते. तिन्ही काढले, त्या जागी ४० अक्षरी फिंगरप्रिंट, चार-चारच्या दहा गटांत.

उबुंटूच्या सर्व्हरवर पॅकेजच्या पत्त्याने शोधलं तेव्हा २०१४ ची एक किल्ली सापडली. १०२४ बिटांची, मुदत नसलेली. तिची खासगी बाजू आज कोणाकडे नाही, पासफ्रेजही (किल्लीचा पासवर्ड) नाही, रद्द करण्याचा दाखला तेव्हा काढून ठेवलेला नाही. म्हणजे ती रद्दही करता येणार नाही. कोणी ती घेऊन मेल पाठवला तर तो आम्हाला वाचता येणार नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळणारही नाही. खातरजमा करणारा सर्व्हर मुख्य ठेवायचा हे इथेच ठरलं: तिथे एका पत्त्याला एकच किल्ली, आणि ती कोणती हे पत्त्याचा मालक ठरवतो.

मेलव्हेलोपचा सर्व्हर याच कसोटीवर चांगला आहे, किल्ली काढूनही टाकता येते. तो सोडला, कारण आमच्या वाचकांची साधनं आपणहून तिथे बघत नाहीत. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम मात्र ओपनपीजीपी डॉट ऑर्गवर बघतो. डेबियन या लिनक्सच्या पॅकेजातही तोच सर्व्हर आधीपासून ठरवलेला असतो. मूळ जीएनयूपीजीने पूल बंद झाल्यावर २०२१ पासून उबुंटूचा धरला आहे. समोरचा काय वापरतो हे आपल्या हातात नाही, म्हणून हे दोन.

२० जानेवारी, शनिवार

सातही किल्ल्या ‘सेंड-कीज’ या पाठवण्याच्या कमांडने ओपनपीजीपी डॉट ऑर्गवर पाठवल्या. चूक दाखवली नाही, म्हणून काम झालं असं धरलं. दुसऱ्या मशिनवर उतरवून बघितल्यावर उत्तर आलं: प्रक्रिया झालेल्या १, युजर आयडी (किल्लीतलं नाव आणि पत्ता) नसलेल्या १.

कारण: ‘सेंड-कीज’ने किल्ली चढते, पण खातरजमेचा मेल निघत नाही. खातरजमा होईपर्यंत सर्व्हर नाव आणि पत्ता काढून नुसता सांगाडा देतो, आणि मूळ जीएनयूपीजी असा सांगाडा घेत नाही. खरी वाट दोनपैकी एक: किल्ली एक्सपोर्ट करून संकेतस्थळावरच्या अपलोड पानावर टाकायची आणि प्रत्येक पत्त्यासमोरचं मेल पाठवण्याचं बटण दाबायचं, किंवा ‘जीपीजी --एक्सपोर्ट’चं उत्तर पाइपने ‘कर्ल -टी’कडे (फाइली चढवणारी-उतरवणारी कमांड) द्यायचं. कर्ल खातरजमेच्या पानाची लिंक परत देतो.

एका किल्लीवर तीन पत्ते असतील तर तीन मेल येतात, तिन्ही वेगळे उघडावे लागतात. किल्लीतला फोटो आणि पत्ता नसलेली नुसती नावाची आयडी तिथे कधीच जाहीर होत नाही. एकाच्या किल्लीत दोन्ही होतं, गेलं, अडचण काही आली नाही.

पॅकेजच्या पत्त्याचा मेल दोन दिवस आलाच नाही. तो पत्ता म्हणजे नुसता फॉरवर्ड होता, आणि बाहेरून आलेला मेल ज्याच्याकडे जात होता त्याच्या स्पॅममध्ये पडत होता. आधी साधा मेल पाठवून पत्ता चालतो का हे बघितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

आणि एक: आपल्याच मशिनवर चाचणी करू नका. किल्ली आधीच साठ्यात असते, त्यामुळे सगळं बरोबर दिसतं. रिकामं फोल्डर बनवून ‘--होमडिर’ने तिकडे बोट दाखवायचं, आणि मग शोधायचं.

२७ जानेवारी, शनिवार

एकाने लॅपटॉपसाठी आणि घरच्या मशिनसाठी दोन वेगळ्या किल्ल्या एकाच पत्त्याने बनवल्या होत्या. दुसरीची खातरजमा केली आणि पहिलीवरून पत्ता निघून गेला. सर्व्हरचा नियमच तसा आहे. उपाय: एकच मुख्य किल्ली, तिच्या उपकिल्ल्या (तिच्याशी जोडलेल्या, रोजच्या कामाच्या किल्ल्या) दोन्ही मशिनांवर, आणि दुसरी किल्ली रद्द.

आता या नोंदींतला सगळ्यात कामाचा भाग. पत्ता निघालेली किल्ली रद्द केली किंवा तिची मुदत बदलली, तर ती खबर जुन्या वापरणाऱ्यांना मिळते का? चाचणीच्या एका किल्लीवर करून बघितलं. ती किल्ली दोन मशिनांवर आधीच उतरवलेली होती: एक डेबियन, एक विंडोज, जीपीजी४विन (विंडोजसाठीचं जीएनयूपीजी) असलेलं. सर्व्हरवर पत्त्याविना मुदतबदल चढवला आणि दोन्हीकडे ‘रिफ्रेश-कीज’ (साठ्यातल्या किल्ल्या सर्व्हरवरून ताज्या करणं) दिलं. डेबियनने बदल घेतला, कारण ओळखीच्या किल्लीचा बदल युजर आयडी नसला तरी घ्यावा अशी दुरुस्ती त्यांच्या पॅकेजात आहे. विंडोजने पुन्हा ‘युजर आयडी नसलेल्या १’ म्हणत नाकारला. किल्ली जुन्याच मुदतीवर राहिली.

म्हणजे फक्त खातरजमेच्या सर्व्हरवर विसंबलं, तर एखादी किल्ली चोरीला गेली असताना निम्म्या लोकांना ती रद्द झाल्याचं कळणार नाही. म्हणून उबुंटूचा सर्व्हरही ठेवला. तिथे किल्ली युजर आयडीसकट जाते आणि जीएनयूपीजीची कोणतीही आवृत्ती ती घेते. पहिला सर्व्हर शोधण्यासाठी, दुसरा रद्दबातलाची आणि मुदतीची खबर पोचवण्यासाठी. उबुंटूवर चढवण्याआधी सहाही जणांना विचारलं, कारण नाव आणि पत्ता तिथे कायमचा जातो. दोघांनी घरचे पत्ते आधी किल्लीतून काढले, मगच पाठवलं. ज्या पत्त्याची आयडी कधीच बाहेर गेलेली नाही, ती नुसती डिलीट केली तरी चालते. गेलेली असेल तर रद्द करूनच पाठवावी लागते.

३ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं ठिकाण आपलंच डोमेन. डब्ल्यूकेडी पद्धतीत मेल-पत्त्याच्या डोमेनवरच किल्ली ठेवतात. जीएनयूपीजी पत्ता दिला की आपणहून तिथे बघतं, थंडरबर्डही बघतं. जीमेलसारख्या पत्त्यांना हा मार्ग नाही, कारण डोमेन आपलं नाही. आमच्यात असे दोन जण आहेत, त्यांचं काम वरच्या दोन सर्व्हरांवरच.

आधी स्वतः फाइली ठेवून बघितल्या. चार चुका, क्रमाने:

साइट बनवणारा प्रोग्रॅम बिंदूने सुरू होणारी फोल्डरं गाळतो, आणि इथलं फोल्डर नेमकं ‘डॉट वेल-नोन’. चढवलं असं वाटलं, पण साइटवर नव्हतंच.

फाइल अक्षरी रूपात, म्हणजे ‘बिगिन पीजीपी’ने सुरू होणारी ठेवली. इथे बायनरी लागते, ‘--आर्मर’ न लावता एक्सपोर्ट केलेली.

फाइलचं नाव हाताने काढायला गेलो. ते पत्त्याच्या ॲट-खुणेआधीच्या भागावरून निघणारं ३२ अक्षरांचं असतं. ‘--विथ-डब्ल्यूकेडी-हॅश’ लावून यादी मागितली की जीपीजी तयार देतं. ‘पॉलिसी’ नावाची फाइलही लागते, रिकामी चालते.

चौथीने अख्खा रविवारही खाल्ला. डोमेनच्या डीएनएसमध्ये वाइल्डकार्ड होतं, म्हणजे कोणतंही उपडोमेन मुख्य साइटकडे जायचं. जीएनयूपीजी आधी ‘ओपनपीजीपीकी’ या उपडोमेनवर बघतं. ते नसेल तरच मुख्य डोमेनवरच्या फोल्डरकडे वळतं. वाइल्डकार्डमुळे ते ‘आहे’ असं दिसलं, तिथलं प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं निघालं, आणि शोध तिथेच संपला. ब्राउझरमध्ये फोल्डर उघडून बघितलं की फाइल व्यवस्थित उतरायची, म्हणून शंका या बाजूला गेलीच नाही.

शेवटी सोपी वाट घेतली. ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हे कामही विनामूल्य करतं: ‘ओपनपीजीपीकी’ उपडोमेनचा सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे नेणारी डीएनएस नोंद) त्यांच्या ‘डब्ल्यूकेडी’ उपडोमेनकडे वळवायचा, प्रमाणपत्र ते बघतात. स्वतंत्र नोंद वाइल्डकार्डच्या वर चालते, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. खातरजमा झालेल्या किल्ल्याच दिसतात, वेगळं काही चढवावं लागत नाही. मात्र त्यांचा सर्व्हर बंद असेल तेव्हा आपलं डब्ल्यूकेडीही बंद असेल. स्वतः ठेवायचं मनुष्यबळ असेल तर स्वतः ठेवावं.

तपासणी: रिकाम्या होमडिरवर ‘--ऑटो-की-लोकेट’ला क्लिअर आणि डब्ल्यूकेडी देऊन ‘--लोकेट-एक्स्टर्नल-कीज’ आणि पत्ता. ‘क्लिअर’ विसरलं तर दुसरीकडून सापडलेली किल्लीही ‘सापडली’ म्हणून दिसते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पॅकेजच्या किल्लीची मुदत वर्षभराने वाढवली. फक्त मुख्य किल्लीची वाढली. सही करणारी उपकिल्ली पुढच्या आठवड्यात संपणार होती, हे यादीतली तारीख बघताना दिसलं. ‘क्विक-सेट-एक्स्पायर’ला फिंगरप्रिंट, मुदत आणि शेवटी अवतरणात तारांकित खूण दिली की सगळ्या उपकिल्ल्यांची वाढते. मुख्य किल्लीसाठी तारांकनाविना कमांड वेगळी द्यावी लागते. मग दोन्ही सर्व्हरांवर पुन्हा पाठवलं. ज्या पत्त्यांची खातरजमा आधी झाली आहे त्यांना पुन्हा मेल येत नाही.

२ मार्च, शनिवार

रद्द करण्याची रंगीत तालीम, चाचणीच्या किल्लीवर. किल्ली बनवतानाच जीएनयूपीजी रद्दबातलाचा दाखला तयार करून ‘ओपनपीजीपी-रिव्होक्स’ फोल्डरमध्ये ठेवतं. तो इम्पोर्ट करायला गेलो तर ‘वैध माहिती नाही’. फाइल उघडून बघितली: ‘बिगिन’च्या ओळीत पाच रेघांच्या आधी एक विसर्गासारखी खूण, कोलन. चुकून इम्पोर्ट होऊ नये म्हणून ती मुद्दाम घातलेली असते आणि हाताने काढावी लागते. घाईच्या दिवशी हे पहिल्यांदा दिसू नये.

सातही दाखले दोन पेनड्राइव्हवर आणि कागदावर छापून, मूळ खासगी किल्ल्यांपासून वेगळ्या घरी ठेवले. दाखला ज्याच्या हाती पडेल तो किल्ली रद्द करू शकतो, म्हणून लिफाफे बंद.

फिंगरप्रिंट एकमेकांना फोनवर वाचून ताडले. आवाज ओळखीचा असेल तरच याला अर्थ आहे. दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. जोडअंक वाचायचे नाहीत: सत्तावीस आणि सदतीस दोनदा चुकले, दोन-सात म्हणायचं. बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘बी बदकाचा, डी डमरूचा’. एका किल्लीला साधारण दोन मिनिटं लागतात.

६ एप्रिल, शनिवार

सध्याची मांडणी. डिरमॅनेजरच्या फाइलमध्ये एचकेपीएसने कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग ही एकच ओळ. प्रत्येक बदल तिथे आणि उबुंटूच्या सर्व्हरवर, दोन्हीकडे. डोमेनच्या पाच पत्त्यांना सीनेममार्फत डब्ल्यूकेडी. पूर्ण फिंगरप्रिंट आमच्या पानावर, प्रत्येक पॅकेजच्या ‘आधी हे वाचा’ फाइलमध्ये, आणि त्याखाली २०१४ ची किल्ली वापरू नये ही सूचना, तिच्या पूर्ण फिंगरप्रिंटसह.

खर्च: दोन पेनड्राइव्ह आणि छपाई मिळून हजार रुपयांच्या आत. डोमेन आधीचंच, सर्व्हर तिन्ही विनामूल्य. वेळ एकूण ३१ तास, त्यातले ११ डब्ल्यूकेडीवर आणि ५ खातरजमेच्या मेलची वाट शोधण्यात.

उरलेलं: विंडोजवरच्या दोघांच्या मशिनांवर महिन्यातून एकदा ‘रिफ्रेश-कीज’ उबुंटूच्या सर्व्हरवरून आपोआप चालेल अशी सोय. मुदत संपायच्या ४५ दिवस आधीची आठवण सहाही जणांच्या कॅलेंडरमध्ये घातली आहे, पुढची ३ जानेवारी २०२५.